गाढवीच्या मालकीचा अर्ज

परतूरच्या एका वीटभट्टीवर, भर दुपारी, काळी टोपी घातलेल्या एका गृहस्थानं वीस गाढवांकडे पाहून ‘अहो’ अशी हाक मारली. एकानंही मान वर केली नाही.

ठराव पहिला. विवाहित स्त्रियांनी पतीचे नाव उच्चारण्यास संकोच करू नये. एकमताने मंजूर. हजर पुरुष सात. स्त्रिया चहा देण्यापुरत्या.

जुन्या जखमेवर आधी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, मग करंजाचं तेल, मग हळद. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

कोंडवाड्यात आलेल्या जनावराचा मालक पंधरा दिवसांत पुढं आला नाही, तर सोळाव्या दिवशी सरकार स्वतः त्याला मालक शोधून देतं. या शोधाला लिलाव म्हणतात.

निजाम सरकारच्या कचेऱ्यांना शुक्रवारी सुट्टी असते.

अरुंधतीकाकूंच्या मते डांग्या खोकल्यावर गाढवीच्या दुधासारखं औषध नाही. त्यासाठी गाढवी दूध देणारी असावी लागते, हे त्या शेवटी सांगत.

या सगळ्या गोष्टी फसली १३४५ साली, म्हणजे इसवी १९३६च्या सुमारास, एकाच माणसाच्या कपाळी आल्या. त्याचं नाव नरहरपंत अंबडकर. जालन्याच्या तहसील कचेरीसमोरच्या चिंचेखाली सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज लिहीत. खेड्यापाड्यांतली माणसं आपलं दुखणं मराठीत सांगत आणि नरहरपंत ते उर्दूत उतरवत. उतरवताना दुखणं थोडं कमी व्हायचं आणि अदब थोडी वाढायची. पण त्यांच्या हातचा अर्ज मजकुराच्या चुकीसाठी कधी परत आला नव्हता, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगत.

असा माणूस सुधारक होणारच. कार्तिकात त्यांनी आणि शाळेतल्या गजाननराव मास्तरांनी मिळून मंडळ काढायचं ठरवलं. गजाननरावांना मुक्या जनावरांचं काम करायचं होतं, नरहरपंतांना स्त्रियांच्या समतेचं. दोन मंडळं निघाली असती. पण सभा भरवायला सरकारची परवानगी लागे, आणि एका परवानगीलाच किती चपला झिजतात हे नरहरपंतांइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून ‘जीवदया व स्त्रीसमता मंडळ, जालना’ असं एकच नाव घातलं. कोणत्याही स्त्रीला विचारलं असतं तर तिनं या जोडीबद्दल काहीतरी म्हटलं असतं. पण कोणत्याही स्त्रीला विचारलं नव्हतं.

परवानगीचा अर्ज वर गेला आणि वरच राहिला. तोवर मंडळ नरहरपंतांच्या ओसरीवर, कौटुंबिक बैठक या नावाखाली भरू लागलं. ठराव होत. नरहरपंतांचं मराठी अक्षर म्हणजे चिखलातून चाललेल्या कोंबडीचा माग, त्यामुळे ठरावांची वही सुवाच्य करायचं काम त्यांच्या पत्नीकडे, रमाबाईंकडे आलं. स्वयंपाक आटोपला की त्या चुलीपाशी बसून सातही जणांचे विचार गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहून काढत. वही फार सुंदर दिसे. सह्या खाली सात.

तीन महिने झाले, ठराव एकवीस झाले, पण वाचवायला एक जनावर मिळेना. जालन्यात जनावरं काही कमी नव्हती. पण ज्याला त्याला मालक होता, आणि मालक मंडळाच्या दुप्पट अंगाचे होते.

मग माघाच्या अखेरीस कोंडवाड्यात एक गाढवी आली. पाठीवर हाताच्या पंजाएवढ्या दोन जखमा. कोणा ओझेवाल्यानं निकामी झाली म्हणून सोडून दिली होती, आणि तिनं कुंडलिका नदीच्या काठच्या एका मळ्यात शिरून कोथिंबीर खाल्ली होती. गजाननरावांनी बातमी आणली तेव्हा मंडळात जे चैतन्य आलं ते पाहून कोणालाही वाटलं असतं की कोणाला मुलगा झाला. त्याच बैठकीत एका सभासदानं प्रश्न काढला की जनावर मादी असल्यामुळे ते मंडळाच्या पहिल्या उद्दिष्टात धरायचं की दुसऱ्या. दोन तास चर्चा झाली. दोन्हींत बसतं, असं ठरलं. रमाबाईंनी ते वहीत उतरवलं आणि विचारलं, तिला चारा कोण घालतं? हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी नरहरपंतांनी गाढवी मंडळाच्या ताब्यात मिळावी म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की जनावर फक्त मालकाला सोडता येतं. मंडळ मालक व्हायला तयार आहे, असा दुसरा अर्ज गेला. उत्तर आलं की मंडळाला मंजुरी नाही, सबब मंडळ नाही. नरहरपंत तिसऱ्या अर्जाला लागले. आता त्यांना गाढवीपेक्षा मुद्द्यात गोडी वाटू लागली होती. रोज संध्याकाळी रमाबाई विचारत, “सुटली का?” आणि रोज ते सांगत, “काम चालू आहे.” ते खरंही होतं.

बाराव्या दिवशी नरहरपंत कचेरीतून घरी आले तर आडापाशी गाढवी बांधलेली.

रमाबाई तिच्या पाठीवर कडुलिंबाचं पाणी सोडत होत्या. शेजारच्या अरुंधतीकाकू लांब, भिंतीला टेकून, कसं सोडावं ते सांगत होत्या. झालं होतं ते एवढंच, की दुपारी दोघीजणी कोंडवाड्यावर गेल्या होत्या. तिथल्या दरोग्यानं गाढवी कोणाची विचारलं. रमाबाई म्हणाल्या, माझी. दंड भरला, पावती घेतली, दोर हातात घेतला आणि आल्या. वाटेत गाढवी एकदा बसली तेवढाच उशीर.

नरहरपंतांचा तिसरा अर्ज त्या वेळी तहसीलच्या पेशकाराच्या टेबलावर होता आणि फार चांगला उतरला होता.

पुढचे वीस दिवस मंडळाच्या इतिहासातले सर्वांत वैभवाचे. सगळी आळी ओसरीवर. एकजण म्हणे गाढव दारात असणं शुभ, दुसरा म्हणे दारात शुभ पण आडापाशी नाही. एका वृद्ध गृहस्थांनी सोवळ्याचा प्रश्न काढला. तीन आया खोकणारी पोरं आणि वाट्या घेऊन आल्या, आणि गाढवीला दूध नाही म्हटल्यावर त्यांनी मंडळाकडे फसवल्यासारखं पाहिलं. नरहरपंत सगळ्यांना जीवदयेचं तत्त्व समजावून सांगत. लीद काढणं, पाणी पाजणं, तेल लावणं ही तत्त्वाची खालची अंगं रमाबाईंकडे होती. रमाबाई तिच्याशी बोलतही असत. काय बोलत ते नरहरपंतांनी कधी नीट ऐकलं नाही. जखमांना खपली धरली, खपली गेली, त्या जागी मऊ राखाडी केस आले. संध्याकाळी रमाबाई आडापाशी आल्या की गाढवी कान टवकारून त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, आणि रमाबाईंना असं हसताना नरहरपंतांनी फारसं पाहिलं नव्हतं. ते त्यांना तेव्हा दिसलं होतं. दिसूनही त्यांनी पुढं जे केलं ते केलं.

घोटाळा पावतीनं केला.

मंडळाच्या दप्तरात लावायला म्हणून गजाननरावांनी ती मागितली आणि मोठ्यानं वाचली. जनावर, गाढवी एक. मालक, रमाबाई. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी.

“पंत,” गजाननराव म्हणाले, “म्हणजे मंडळाची एकुलती एक मिळकत अशा व्यक्तीच्या नावावर आहे, जी मंडळाची सभासद नाही.”

सगळे हसले. नरहरपंतही हसले. अरुंधतीकाकूंनी भिंतीपलीकडून खुलासा केला: दरोग्यानं घरधन्याचं नाव विचारलं होतं, तशी रमा जरा गप्प राहिली, गाढवीकडे पाहिलं आणि मग आपलंच नाव सांगितलं. नरहरपंतांना हायसं वाटलं. बिचारी लाजली. परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव कसं घेणार? ठराव पहिला अजून घरात मुरायचा होता, एवढंच.

पण ही गोष्ट ओसरीवर राहिली नाही. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली एका वकिलाच्या कारकुनानं आपल्या पक्षकाराला सांगितलं, “अर्ज ना? ते काय, गाढवीवाल्या बाईंचे यजमान बसलेत तिथं लिहून घ्या.” तिसऱ्या दिवशी स्टेशनावरच्या टांगेवाल्यांनाही ते ठाऊक होतं. माणसाचं नाव त्याच्या बायकोवरून पडावं, यात समतेच्या दृष्टीनं वाईट काही नाही, असं नरहरपंतांनी स्वतःला दोन दिवस समजावलं. बायकोवरून पडलं असतं तर कदाचित पचलंही असतं. ते पडलं होतं गाढवीवरून, बायकोमार्फत.

चौथ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीचा अर्ज लिहिला.

या अर्जाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नरहरपंतांनी आयुष्यात लिहिलेल्या हजारो अर्जांमध्ये इतक्या लवकर मंजूर झालेला हा एकच. त्यात तीन कलमं होती. पहिलं, सदर जनावर वास्तविक मंडळाचं असून मालकाच्या जागी मंडळाचं नाव घालावं. दुसरं, अर्जदार स्वतः सदर गाढवीचा मालक नाही आणि कधी नव्हता. हे त्यांनी जाड लेखणीनं लिहिलं. तिसरं कलम त्यांनी लिहिलंच नाही, त्यांच्या हातानं आपोआप लिहिलं. बायकांच्या नावच्या कागदांत दुरुस्ती मागताना जो साचा असतो तो त्यांच्या बोटांत बसलेला होता. गेल्या पंधरा वर्षांत शेकडो बायकांसाठी त्यांनी तो लिहिला होता आणि त्यातल्या कित्येकींनी शेजारी बसून, विश्वासानं, अंगठा दिला होता. सदर बाई निरक्षर असून मालकी म्हणजे काय हे तिला समजत नाही, सबब तिचे म्हणणे ग्राह्य धरू नये.

अर्ज दिल्यापासून चौथ्या दिवशी हुकूम आला. पहिलं कलम, मंडळ अस्तित्वात नसल्यामुळे, नामंजूर. दुसरं आणि तिसरं पूर्ण मंजूर. मालकाचा निकाल लागेपर्यंत जनावर कोंडवाड्यात ठेवावं.

हुकूम घेऊन कडूबा आला. कडूबा कोंडवाड्याचा राखणदार, मूळचा केदारखेड्याचा, भला माणूस. तो दाराशीच उभा राहिला.

“बाई, मी काय करू,” तो म्हणाला. “हुकूम घेऊन आल्तो. माझ्या मनात न्हाई, पर कागदात हाय.”

रमाबाईंचे हात तेलानं भरले होते. त्यांनी नरहरपंतांकडे पाहिलं. ते म्हणाले की घाबरण्याचं कारण नाही, फक्त नावाची दुरुस्ती आहे, आठ दिवसांचं काम.

“माझं नाव खोडलं?”

“खोडलं नाही गं. दुरुस्त केलं.”

रमाबाईंनी हात धुतले, दोराची गाठ आपणच सोडली आणि कडूबाच्या हाती न देता स्वतः गाढवीबरोबर कोंडवाड्यापर्यंत चालत गेल्या. नरहरपंत मागून गेले. दहा पावलं मागं होते, म्हणजे एरवी रमाबाई त्यांच्या मागं असत तेवढेच.

दरोगा टेबलामागं बसला होता. रमाबाईंनी त्याला विचारलं की पहिल्यांदा जशी मी माझी म्हणून सोडवून नेली, तशी आता पुन्हा नेऊ का? दरोगा अवघडला. त्यानं नरहरपंतांकडे पाहिलं, नरहरपंतांनी भिंतीकडे. शेवटी त्यानं अर्ज काढला आणि उर्दू कागद मराठी करून, हळू आवाजात, एकेक कलम वाचलं. तिसऱ्या कलमाला तो थांबला. रमाबाई म्हणाल्या, वाचा. त्यानं वाचलं.

कोंडवाड्यात एक बैल खाकरला.

“हे तुम्ही लिहिलं?” रमाबाईंनी विचारलं.

“साचा असतो तो,” नरहरपंत म्हणाले. “सगळ्यांसाठी तसंच लिहितात.”

“सगळ्यांसाठी,” रमाबाई म्हणाल्या.

मंडळाचे एकवीस ठराव ज्या अक्षरांत होते त्या अक्षरांची मालकीण समोर उभी होती, आणि ती निरक्षर असल्याबद्दल सरकारचा शिक्का उमटला होता. नरहरपंतांना तेव्हाच हे म्हणायला हवं होतं. त्यांनी म्हटलं ते वेगळंच. त्यांनी दरोग्याला कायद्याचा मुद्दा काढून दाखवला. दरोग्यानं तो ऐकून घेतला.

“पंत,” तो म्हणाला, “बाईंची मालकी तुम्ही खोडली. तुमची तुम्हीच नाकारली. मंडळ तर अजून पैदाच झालं न्हाई. मंग मी ही गाढवी द्यावी कोणाला?”

पुढच्या पंधरा दिवसांत नरहरपंतांनी नऊ अर्ज केले. रमाबाई रोज पाला घेऊन कोंडवाड्यावर जात आणि कुंपणातून हात घालत. घरात बोलणं कामापुरतं राहिलं. ठरावांची वही त्यांनी बंद करून फळीवर ठेवली. बाविसावा ठराव, गाढवीच्या सुटकेबद्दलचा, नरहरपंतांनी स्वतः लिहिला. तो आजही कोणाला वाचता येत नाही.

सोळावा दिवस गुरुवार होता. गजाननरावांनी बोली लावायची ठरली होती, पण त्यांनी ऐन वेळी चिठ्ठी पाठवली की सरकारी शाळेतल्या मास्तरानं सरकारी लिलावात उभं राहणं बरं दिसत नाही. नरहरपंत स्वतः पुढं झाले तर दरोग्यानं सांगितलं की ज्याचा अर्ज चालू आहे त्याला बोली लावता येत नाही, आणि तुमचे नऊ चालू आहेत. नरहरपंत त्याच्याशी वाद घालू लागले. वाद उत्तम चालला होता. फाटकापाशी रमाबाई उभ्या होत्या. पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारून बांधलेलं होतं. कडूबा त्यांना सांगत होता की बाईमाणसाला आत सोडायचं तर घरच्या माणसानं हो म्हणायला लागतं, पंतांनी नुसती मान हलवली तरी बस. रमाबाई पंतांकडे पाहत राहिल्या. पंत दरोग्याला कलम वाचून दाखवत होते. बायकोला बोली लावायला सांगावं हे त्यांना सुचलं तेव्हा ते घरी जेवायला बसले होते, आणि गाढवी परतूरच्या एका भट्टीवाल्याच्या जनावरांबरोबर गावाबाहेर पडली होती.

रमाबाईंनी ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “संध्याकाळच्या गाडीनं दोघं जाऊ. त्याच्याकडून विकत मागू.”

नरहरपंत म्हणाले की हातात कागद हवा. कागदाशिवाय गेलं तर तो दाद देणार नाही. उद्या शुक्रवार, कचेरी बंद. शनिवारी बघू.

शनिवारचा मंगळवार झाला. मंगळवारी मंडळाला मंजुरी आली आणि गाढवीवर मंडळाचा हक्क असल्याचं पत्रही मिळालं, शिक्क्यासकट. नरहरपंत त्याच पावली स्टेशनावर गेले. घरी सांगावा धाडला. भट्टीवर बाईमाणसाचं काय काम, असं त्यांच्या मनात आलं होतं. मग मंडळाचं दुसरं उद्दिष्ट आठवून त्यांना लाज वाटली. पण तोवर गाडी हलली होती.

भट्टीवाला सज्जन निघाला. म्हणाला, पंत, कागद राहू द्या, तुमची असेल ती ओळखा आणि घेऊन जा, बदल्यात काही द्या न द्या. आणि त्यानं वीस गाढवं समोर उभी केली.

नरहरपंत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. ती गाढवी त्यांना पाठीवरच्या दोन जखमांवरून ठाऊक होती. त्या जखमा रमाबाईंनी बऱ्या केल्या होत्या. वीसही पाठी विटांच्या धुळीनं सारख्या तांबूस दिसत होत्या. हाक मारावी तर रमाबाई तिला काय म्हणत ते त्यांना माहीत नव्हतं. कागदोपत्री ती सगळीकडे ‘सदर जनावर’ होती. त्यांनी घसा साफ केला. घरात ज्या हाकेला माणूस वळून पाहतो ती एकच हाक त्यांच्या कानात बसलेली होती, आणि ती त्यांना मारली जाणारी होती. तीच त्यांनी मारली.

भट्टीवरचे मजूर तोंड फिरवून हसले. नरहरपंत चिंचेखालच्या माणसासारखे ताठ उभे राहिले आणि मग खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी सगळं खरं सांगितलं. ऐकताना रमाबाई तांदूळ निवडत होत्या.

“डावा कान टोकाशी फाटका होता,” त्या म्हणाल्या. “आक्का म्हटलं की यायची.”

“आधी सांगितलं असतंस तर.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

सकाळच्या गाडीनं दोघं परतूरला गेले. या खेपेला रमाबाई पुढं होत्या. भट्टीवर फक्त राख होती. आदल्या संध्याकाळी भट्टीवाला जनावरं घेऊन परभणीकडच्या कामाला निघाला होता. कुठल्या गावी, ते मागं राहिलेल्या मजुराला सांगता येईना. रमाबाई तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. एकदा, फार मोठ्यानं नाही, त्यांनी हाक मारून पाहिली.

नरहरपंतांनी पुढं पुष्कळ वर्षं चिंचेखाली अर्ज लिहिले. तो साचा मात्र त्यांनी सोडून दिला. बाई अर्जाला आली की ते तिला आधी विचारत, सही येते का, आणि नाही म्हणाली तरी तिच्यापुढं ते वाक्य लिहीत नसत. त्यामुळे त्यांचे काही अर्ज मजकुराच्या चुकीसाठी परत येऊ लागले. ते कोणाला सांगत नसत. मंडळात रमाबाईंना सभासद करून घ्यावं असा ठराव त्यांनी मांडला, तो एकमतानं मंजूर झाला, आणि रमाबाईंनी सही केली नाही. वही फळीवरच राहिली.

एका गोष्टीचा त्यांना अखेरपर्यंत आधार होता. तिनं कोंडवाड्यात आपलं नाव सांगितलं ते लाजून, माझं नाव तोंडातून येईना म्हणून, असं ते स्वतःला सांगत. मालकी वगैरे तिच्या मनातही नसणार.

त्या वर्षीच्या संक्रांतीला, गाढवी कोंडवाड्यात येण्याच्या महिनाभर आधी, अरुंधतीकाकूंच्या घरच्या हळदीकुंकवात रमाबाईंनी चाळीस बायकांसमोर नरहरपंतांचं नाव तीन वेगवेगळ्या उखाण्यांत, एकदाही न अडखळता घेतलं होतं.